आयर्लंडमधील सणांच्या घरगुती प्रथा: वर्षाची विभागणी नेमकी कशावर झाली आहे?

मृण्मयी, कोथरूड

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळाने या वर्षी देशोदेशींचे वर्षचक्र हा विषय घेतला असून आयर्लंडविषयी मांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. १७ मार्चच्या मिरवणुका आणि हिरवे पोशाख आपण वर्तमानपत्रांत दरवर्षी पाहतो; हॅलोवीन तर आता बाणेर-औंधच्या सोसायट्यांमध्येही साजरा होऊ लागला आहे. मला मात्र त्या देशातील स्वयंपाकघर, गोठा आणि शेताचा बांध यांच्याशी जोडलेल्या प्रथा समजून घ्यायच्या आहेत. सणाच्या दिवशी उंबरठ्यावर काय ठेवतात आणि घराबाहेर काय जाऊ देत नाहीत, यावरून त्या समाजाची काळजी कशात गुंतली होती ते कळते, असे मला वाटते.

वाचताना काही गोष्टींचा उलगडा झाला नाही. बहुतेक प्रथा सणाच्या दिवशी न होता आदल्या रात्री का होतात? वर्षाचे चार मोठे टप्पे १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर असे येतात. सूर्याच्या अयनाशी किंवा विषुवदिनाशी त्यांचा मेळ बसत नाही, मग ते कशावरून ठरले? शिवाय जवळजवळ प्रत्येक लेखात ‘ही ख्रिस्तपूर्व केल्टिक प्रथा आहे’ असे ठासून लिहिलेले असते, त्यावर कितपत विसंबावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनीपाने, सदाशिव पेठ

मृण्मयीताई, आदल्या रात्रीचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटल्यावर पुढचे बरेच सोपे होते. जुन्या आयरिश गणनेत दिवस मावळतीपासून सुरू होतो. गॉलमधील, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या प्रदेशातील, केल्टिक लोक काळाची मोजणी दिवसांऐवजी रात्रींनी करतात, असे ज्युलियस सीझरने लिहून ठेवले आहे. आणि कॅथलिक उपासनेतही मोठा सण आदल्या सायंकाळच्या प्रार्थनेपासूनच लागतो. या दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक ठरल्यामुळे आयर्लंडमध्ये ३१ जानेवारीची, ३० एप्रिलची, २३ जूनची आणि ३१ ऑक्टोबरची रात्र हाच सणाचा आरंभ होय. आपण सूर्योदयाची तिथी धरणारे असल्यामुळे आपल्याला तो सणाआधीचा दिवस वाटतो.

चार टप्प्यांचे उत्तर आकाशात शोधण्यापेक्षा गुरांच्या वर्षात शोधावे, असे माझे ठाम मत आहे. आयर्लंड हा शतकानुशतके प्रामुख्याने गुरे पाळणारा देश. फेब्रुवारीच्या सुमारास जनावरे विण्याचा हंगाम सुरू होतो आणि हिवाळ्यात आटलेले दूध पुन्हा घरात येऊ लागते. मेच्या आरंभी गुरे डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांत नेत, आणि घरातली तरुण मंडळी, विशेषतः मुली, तिथे झोपड्या बांधून राहत व लोणी काढत. ऑगस्टच्या तोंडावर नवे धान्य आणि पुढच्या काळात नवे बटाटे हाती येत. नोव्हेंबरला गुरे खाली परत येत आणि हिवाळाभर पोसता येणार नाहीत अशी जनावरे कापली किंवा विकली जात. जमीनदाराला द्यायच्या खंडाचे सहामाही हप्ते अनेक ठिकाणी १ मे आणि १ नोव्हेंबर याच दिवशी पडत, आणि शेतगड्यांना सहा महिन्यांसाठी कामावर ठेवण्याचे बाजारही याच दोन महिन्यांत भरत. तेव्हा मेच्या आदल्या रात्री एखाद्या कुटुंबाला जे भय वाटे, त्यात अदृश्य शक्तींचे भय होते तसेच सहा महिन्यांनी खंड भरता येईल की नाही याचेही होते, आणि ही दोन भये त्या माणसांच्या मनात वेगवेगळी नव्हती.

अयनबिंदूंना आयरिश वर्षात जागाच नाही, असे मात्र समजू नये. २३ जूनच्या रात्री, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, पश्चिमेकडील परगण्यांत आणि कॉर्कच्या परिसरात आजही शेकोट्या पेटतात. घरातील किंवा वस्तीतील वडीलधारे माणूस प्रार्थना म्हणून अग्नी पेटवी. ज्वाला उतरल्यावर तरुण त्यावरून उड्या मारत. गुरांना धुरातून किंवा निखाऱ्यांच्या कडेने नेत. आणि शेवटी पेटते कोलीत किंवा निखारा उचलून प्रत्येक शेतात एकेक टाकत, म्हणजे पिकाला रोग लागत नाही अशी श्रद्धा होती. होळीची राख अंगणात आणणाऱ्यांना हे परके वाटणार नाही. परंतु आपली होळी गावाची असते, तर तिथे सामुदायिक शेकोटीबरोबर घरोघरची लहान शेकोटीही असे, आणि शेताला निखारा द्यायचा तो बहुधा त्या घरच्या शेकोटीतला.

ऑगस्टच्या टप्प्याविषयी थोडक्यात सांगतो. तो सण पुढे जुलैच्या शेवटच्या किंवा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सरकला. त्या दिवशी लोक टेकड्यांवर जाऊन रानातली निळी-काळी बिलबेरी खुडत, तरुण-तरुणींच्या ओळखी होत, आणि काही ठिकाणी मुले त्या फळांची कंकणे ओवून मुलींना देत. ती घरी न नेता टेकडीवरच ठेवायची असत. त्याआधी बटाटे उकरणे हे उधळेपणाचे आणि अशुभ मानले जाई, त्यामुळे जुना साठा संपलेल्या गरीब घरांत जुलै हा उपासमारीचा महिना ठरत असे. मेयो परगण्यातील क्रोक पॅट्रिक या ७६४ मीटर उंचीच्या डोंगरावर जुलैच्या शेवटच्या रविवारी होणारी यात्रा याच काळातली असून काही जण आजही ती अनवाणी करतात. केरी परगण्यातील किलॉर्ग्लिन गावी १० ते १२ ऑगस्टला भरणाऱ्या जत्रेत डोंगरावरून धरून आणलेल्या रानबोकडाला राजा म्हणून मुकुट घालतात. या जत्रेची लेखी नोंद १६१३ पर्यंत मागे जाते.

परदेशस्थ (आता औंध)

मी काही वर्षे आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागात परिचारिका म्हणून नोकरी केली. केरीच्या शेतकरी घरातून आलेल्या एका सहकारी बाईंनी मला संत ब्रिजिडचा क्रॉस विणायला शिकवला, म्हणून मी फक्त १ फेब्रुवारीविषयी, म्हणजे आयर्लंडची संत ब्रिजिड हिच्या सणाविषयी, लिहिते.

क्रॉस पाणथळीतल्या लव्हाळ्याचा करतात. लव्हाळे विळ्याने कापायचे नसते, हाताने उपटायचे असते, यावर त्या बाईंचा कटाक्ष होता, आणि जुन्या नोंदींतही तो नियम पुष्कळ ठिकाणी आढळतो. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्याभोवती अडकवायची, अशी की तिची दोन्ही टोके उजवीकडे येतील. मग चिमटीतली पकड न सोडता सगळे पाव वळसा फिरवायचे आणि तिसरी काडी, नंतर चौथी, दर वेळी आधीच्या काडीच्या दोन्ही पदरांवरून दुमडून घट्ट ओढायची. पाव वळसा आणि एक काडी, असे करत गेले की मध्ये चौकोनी वीण भरत जाते आणि चार बाजूंना चार हात निघतात. हे हात एका रेषेत समोरासमोर येत नाहीत; प्रत्येक जण मधल्या चौकोनाच्या एकेका कडेला सरकलेला असतो, त्यामुळे क्रॉस जागच्या जागी फिरतो आहे असा भास होतो. टोके दोऱ्याने किंवा लव्हाळ्यानेच बांधून सारखी कातरली की काम पुरे. काडी ओली आणि ताजी असली तरच दुमडताना मोडत नाही, आणि पहिल्या चार-पाच काड्यांत अंगठा जरा सैल पडला तर सगळी वीण उसवते. चार हातांची ही पद्धत सर्वांत प्रसिद्ध असली तरी उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात तीन हातांचे क्रॉस गोठ्यासाठी करत, आणि इतरत्र काटक्यांवर पेंढा गुंडाळून केलेले चौकटी आकाराचेही असत.

हे विणकाम ३१ जानेवारीच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून करायचे असे. अनेक घरांत लव्हाळ्याची मोळी अंधार पडेपर्यंत बाहेर ठेवत. घरातली एक मुलगी ती घेऊन दाराशी येई आणि ब्रिजिडला आत घ्या, असे बाहेरून म्हणे. आतले सगळे तिचे स्वागत असो, असे उत्तर देत. मग मोळी आणून मेजाखाली ठेवत, मेजाभोवती बसून बटाटे आणि लोण्याचे जेवण होई आणि त्यानंतर विणायला घेत. तयार झालेला एक क्रॉस घराच्या दारावर आतून किंवा छपराच्या वाशांत, आणि दुसरा गोठ्यात. बऱ्याच घरांत जुने क्रॉस न काढता नवा शेजारी खोचत, त्यामुळे गवती छपराखाली वर्षानुवर्षांचे क्रॉस धुराने काळे होऊन साचलेले असत.

त्याच रात्री खिडकीबाहेर किंवा कुंपणावर कापडाचा एक तुकडा ठेवतात. ब्रिजिड त्या रात्री देशभर फिरते आणि जाता जाता त्या कापडाला स्पर्श करते, अशी श्रद्धा आहे. सकाळी ते घडी करून जपून ठेवायचे आणि वर्षभर डोके दुखले की कपाळाला बांधायचे. गाय अडली की तिच्या पाठीवर टाकायचे. माझ्या सहकारी बाईंच्या माहेरी असे कापड औषधांच्या कपाटात ठेवलेले मी स्वतः पाहिले आहे. त्यांनी ते कपाटातून काढले तेव्हा आधी हात धुतले होते, आणि त्या स्वतः रुग्णालयात औषधे देण्याचे काम करत असल्या तरी या दोन गोष्टींत त्यांना काहीच विसंगती वाटत नव्हती. मलाही वाटली नाही.

केरीत बिडी नावाच्या बाहुलीला घेऊन पेंढ्याच्या उंच टोप्या घातलेले गट घरोघर जातात, वाजवतात आणि नाचतात. गॉलवेकडे पेंढ्याच्या दोराचे मोठे कडे करून माणसांना त्यातून पार होण्यास सांगत, म्हणजे वर्षभर आजार टळतो. किल्डेअर येथे ब्रिजिडच्या मठात अखंड अग्नी जपला जात असे, याची नोंद १२ व्या शतकात गेराल्ड ऑफ वेल्स याने केली आहे. ती ज्योत ब्रिजिडाइन संघाच्या जोगिणींनी १९९३ मध्ये पुन्हा लावली. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टी मिळते. स्त्रीच्या नावाने असलेली ती आयर्लंडमधील पहिली सार्वजनिक सुट्टी आहे, आणि अभ्यासमंडळात हे आवर्जून सांगावे.

दूधदुभते, मुळशी रस्ता

आमचे घर दुधाच्या धंद्यातले, म्हणून मेच्या आदल्या रात्रीविषयी जे वाचले ते मला फार जवळचे वाटले. आयर्लंडमध्ये त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी घरातून विस्तव, दूध, मीठ आणि राख बाहेर देत नसत. शेजारी कितीही सलोख्याचा असला तरी त्याच्या चिलमीसाठीसुद्धा निखारा मिळत नसे. त्या दिवशी घरातून जे बाहेर जाईल त्याच्याबरोबर वर्षाचे लोणीही जाते, असे मानत. आमच्या आजीच्या घरीही दिवेलागणीनंतर दूध, विरजण आणि मीठ कोणाला देत नसत, त्यामुळे या प्रथेत मला विचित्र असे काही दिसत नाही.

लोणी चोरीला जाते याचा अर्थ मडके उचलून नेणे असा नव्हता. दूध घरात राही, घुसळण चाले, पण लोणी धरत नसे. ते दुसऱ्याच्या घुसळणीत जमा होई. ही चोरी करणारे मेच्या पहाटे शेजाऱ्याच्या कुरणावरून फडके किंवा दोर ओढत नेऊन दव टिपत, किंवा सूर्य उगवण्यापूर्वी त्याच्या विहिरीवरचे पहिले पाणी काढून घेत, असा समज होता. म्हणून लोक रात्रभर विहिरीवर पहारा करत. म्हातारी सशाचे रूप घेऊन गायीचे दूध पिते ही कथा तर जवळजवळ प्रत्येक परगण्यात सांगितली जाते. यावर उपाय म्हणजे रोवन झाडाची डहाळी घुसळणीच्या भांड्याला बांधणे, त्याखाली नांगराचे लोखंड किंवा घोड्याचा नाल ठेवणे, आणि घुसळण चालू असताना कोणी घरात आले तर त्याने रवीला हात लावून थोडे तरी घुसळलेच पाहिजे असा नियम. हात न लावता जो निघून जाईल त्याच्यावर संशय.

लोण्यासाठी एवढी धास्ती कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर पैशात आहे. अनेक लहान शेतकऱ्यांच्या घरात बटाटे पोटासाठी आणि लोणी खंडासाठी अशी वाटणी होती. कॉर्क शहरात १७७० मध्ये सुरू झालेला लोण्याचा बाजार १९ व्या शतकात जगातील सर्वांत मोठा मानला जाई. तिथून मिठात मुरवलेले लोणी लाकडी पिंपांतून कॅरिबियन बेटांपर्यंत जात असे. तो बाजार १९२४ मध्ये बंद झाला. दुधाचा धंदा करणाऱ्याला ठाऊक असते की उष्णता थोडी कमी-जास्त झाली, भांडे नीट धुतले गेले नाही, किंवा गाय विण्याच्या जवळ आली, की लोणी धरत नाही. जंतू आणि तापमान यांचे ज्ञान नसताना एका घरात लोणी येते आणि शेजारी येत नाही, याचे कारण माणसे माणसांतच शोधणार. त्यातून एकट्या, वृद्ध आणि गरीब स्त्रियांवर आळ येत असे, ही या सुंदर सणाची दुःखद बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून मे महिन्याचे वर्णन पुरे होत नाही.

बाकी त्या सणाचे रूप खरोखर मनोहर आहे. दाराशी, खिडकीत आणि गोठ्याच्या चौकटीवर पिवळी फुले, विशेषतः प्रिमरोज आणि पाणथळीतली मार्श मॅरिगोल्ड. अंगणात हॉथॉर्न या काटेरी झुडपाची फांदी रोवून तिला रंगीत फिती आणि ईस्टरपासून जपलेली अंड्यांची टरफले बांधतात. वेक्सफर्ड परगण्यात ही सजवलेली फांदी अलीकडे पुन्हा घरोघर दिसू लागली आहे.

मृण्मयी, कोथरूड

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. खंडाचे हप्ते आणि सण एकाच दिवशी येतात, हे मी कुठल्याच लेखात वाचले नव्हते आणि माझी मांडणी आता त्यावरच उभी राहील. आणखी विचारायचे आहे ते निषेधांविषयी. आपल्याकडे नागपंचमीला नांगर धरत नाहीत, चिरत-कापत नाहीत, चातुर्मासात लग्ने होत नाहीत, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कर असते म्हणून शुभकार्य टाळतात. आयरिश वर्षात असे वर्ज्य दिवस आहेत का?

व्रतस्थ, नारायण पेठ

आहेत, आणि तेही आश्चर्य वाटावे इतके आपल्यासारखे आहेत. गुड फ्रायडेला जमिनीत लोखंड घालत नसत आणि रक्त निघेल असे कोणतेच काम करत नसत, म्हणजे नांगरणी नाही, जनावर मारणे नाही. लाकूडकाम आणि खिळे ठोकणेही टाळत, कारण ख्रिस्ताला खिळे ठोकले तो हा दिवस. तरीही अनेक शेतकरी पेरणीला आशीर्वाद मिळावा म्हणून मूठभर बी त्या दिवशी मातीत टाकत. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, कोणतेही चाक फिरवायचे नसे. चरखा बंद, गिरणी बंद, गाडीही बाहेर काढत नसत. मार्टिन गिरणीच्या चाकात सापडून मेला, अशी कथा लोक सांगत. इतिहासातील तूरचा मार्टिन ३९७ मध्ये वार्धक्याने वारला, पण लोककथेने चाकाच्या निषेधाला साजेसे मरण त्याला दिले.

याच सणाच्या आदल्या रात्री किंवा त्याआधीच्या दिवसांत घरचा कोंबडा अथवा हंस मारून त्याचे रक्त उंबरठ्यावर, दाराच्या चौकटीवर आणि घराच्या चारही कोपऱ्यांत शिंपडत. घरातल्यांच्या कपाळावर रक्ताने क्रॉसची खूण करत. रक्तात भिजवलेला कापूस किंवा चिंधी वाशांत खोचून ठेवत आणि दुखण्यावर औषध म्हणून वापरत. ज्याच्याकडे कोंबडा नाही त्याला शेजारी मांसाचा वाटा देत. शाकाहारी श्रोत्यांसमोर बोलताना हा भाग गाळू नये, असे मी आग्रहाने सांगतो, कारण घराच्या सीमेचे रक्षण हा साऱ्या आयरिश वर्षाचा गाभा या एका प्रथेत सर्वांत उघडपणे दिसतो.

लग्नांविषयी म्हणाल तर ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात विवाह होत नसत. त्यामुळे त्या काळाच्या आदल्या मंगळवारी आणि त्याआधीच्या आठवड्यांत लग्नांची झुंबड उडे, आणि जे अविवाहित राहिले त्यांची चेष्टा पुढच्या रविवारी होई. प्रार्थनेला येणाऱ्या अविवाहितांच्या कोटावर खडूने रेघा ओढत, म्हणून काही भागांत त्या रविवारला खडूचा रविवार म्हणत. केरी आणि कॉर्कमध्ये समजूत अशी होती की समुद्रातील स्केलिग बेटावर उपवासकाळ उशिरा सुरू होतो, तेव्हा राहून गेलेल्यांनी तिथे जाऊन लग्न करावे; गावातले कवी अविवाहितांच्या काल्पनिक जोड्या जुळवून स्केलिगला निघालेल्यांच्या पद्यमय याद्या रचत. यात पुष्कळदा क्रूरता असे, हेही खरे.

आपल्या करीसारखा दिवस म्हणजे २८ डिसेंबर, बायबलमधील हेरोद राजाने मारलेल्या बालकांच्या स्मरणाचा. तो वर्षातला अडचणीचा दिवस मानून त्या दिवशी नवे काम, प्रवास किंवा खरेदी सुरू करत नसत. त्याच्या दोनच दिवस आधी, २६ डिसेंबरला, पेंढ्याचे पोशाख आणि मुखवटे घालून मुले रेन नावाचा इवलासा पक्षी मारून झुडपाला बांधत आणि वाद्ये वाजवत घरोघर पैसे मागत फिरत. आता पक्षी मारत नाहीत, पण केरीतील डिंगल गावात त्या दिवशीच्या मिरवणुका अजूनही जोरात निघतात. नाताळचा शेवट ६ जानेवारीला होतो. कॉर्क आणि केरीत तो दिवस बायकांचा नाताळ म्हणून ओळखला जातो; घरकाम पुरुषांनी करायचे आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन चहा आणि केकचा आस्वाद घ्यायचा, ही रीत आता शहरांतही पसरली आहे.

जुनीपाने, सदाशिव पेठ

मृण्मयीताईंच्या मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला आहे, तो म्हणजे प्राचीनतेचा. यात सरसकट होकार आणि सरसकट नकार दोन्ही चुकीचे ठरतील. प्रत्येक प्रथेची वय-चौकशी वेगळी करावी लागते. मेच्या आरंभी दोन अग्नींमधून गुरे नेण्याचा उल्लेख इ. स. ९०० च्या सुमाराच्या, कॉर्मकच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आयरिश शब्दकोशात येतो, तेव्हा तेवढी प्रथा निश्चितच जुनी. त्याच कोशात ब्रिजिड ही कवींची देवता असल्याचे लिहिले आहे. परंतु कोगिटोसस याने ७ व्या शतकात लिहिलेल्या संत ब्रिजिडच्या चरित्रात दूध, लोणी आणि गुरे यांचे चमत्कार भरपूर असले तरी लव्हाळ्याचा क्रॉस नाही. त्याची वर्णने बऱ्याच नंतरच्या नोंदींत आढळतात. नोव्हेंबरच्या आदल्या रात्री खातात तो बटाटे, कोबी आणि लोण्याचा कोलकॅनन तर ख्रिस्तपूर्व असणेच शक्य नाही, कारण बटाटा आयर्लंडमध्ये पोहोचला तोच १६ व्या शतकाच्या अखेरीस किंवा १७ व्याच्या आरंभी. त्याच रात्रीचा बेदाण्यांचा बार्मब्रॅक पाव, ज्यात अंगठी सापडली तर लग्न आणि चिंधी सापडली तर गरिबी, तोही अलीकडच्या शतकांतला. भोपळ्याऐवजी तिथे मुळात सलगम कोरत. डोनेगालमधील फिनटाउनच्या एका सलगमाच्या कंदिलाची प्रतिकृती मेयोतील टर्लो पार्क येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तो चेहरा पाहिल्यावर सोसायटीतला हसरा भोपळा अगदीच सौम्य वाटतो. पदार्थ नवे असले तरी दाराची कडी न लावता, चूल पेटती ठेवून, घरातल्या मृतांसाठी पाणी ठेवण्याची जी रीत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन रात्रींना होती, ती भावना आपल्या सर्वपित्रीला ओळखीचीच आहे.

साधनांविषयी सांगायचे तर लेखांपेक्षा मूळ नोंदी वाचाव्यात, आणि त्या घरबसल्या मिळतात. आयरिश लोककथा आयोग १९३५ मध्ये स्थापन झाला. त्याने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५ हजार प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांतल्या मुलांना घरच्या आणि शेजारच्या वृद्धांकडून माहिती लिहून आणायला लावली. त्यातून सुमारे ७ लाख ४० हजार पाने जमली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने आजोबांच्या तोंडचे वाक्य वहीत उतरवलेले असते, खाली सांगणाऱ्याचे वय आणि गाव असते, त्यामुळे एकच प्रथा दोन टाउनलँडमध्ये, म्हणजे शेजारच्या वाड्या-वस्त्यांमध्ये, कशी बदलते हे थेट दिसते. ब्रिजिडच्या सणाविषयी आणि ऑगस्टच्या रविवारविषयी आयोगाने १९४२ मध्ये स्वतंत्र प्रश्नावल्याही पाठवल्या होत्या. हा सारा ठेवा डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये असून २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला. शाळांचा संग्रह दूखस या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो, आणि तिथे परगण्यानुसार तसेच विषयानुसार शोध घेता येतो.

ताई, आपण मेच्या आदल्या रात्रीवर भर देणार असाल तर कॉर्क, वेक्सफर्ड आणि मेयो या तीन परगण्यांतील नोंदी शेजारी ठेवून वाचा. शाळांची योजना २६ परगण्यांतच राबवली गेली, त्यामुळे उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांसाठी आयोगाच्या वेतनी संग्राहकांच्या नोंदी आणि बेलफास्टजवळील अल्स्टर लोकसंग्रहालयाची प्रकाशने पाहावी लागतील.